शेवटचा परिच्छेद

स्वप्नालीला अनोळखी नंबरची धास्ती होती. राजवीर झाल्यापासून तर जास्तच. फोन वाजला की तिच्या डोळ्यांपुढं आधी दवाखाना यायचा, मग एमआयडीसीत मशीनवर उभा असलेला नवरा, मग पहाटे कळंबा तलावावर पळायला गेलेला धाकटा भाऊ सम्राट. त्या शुक्रवारी सगळे सुखरूप होते. राजवीर तर समोरच बसून नाचणीचं सत्त्व जिभेनं बाहेर ढकलत होता. तरी फोन वाईटच निघाला.

"स्वप्नाली मॅडम का? मी पोलीस ठाण्यातनं हवालदार गणपतराव बोलतोय. सोमवारी अकराला तुम्ही टाळं ठोकणार हाय म्हणं?"

"कशाला टाळं?"

"समाजकल्याणच्या हापिसाला. निवेदनात लिवलंय की. खाली तुमचाच नंबर हाय." मागं कुणीतरी हसल्याचा आवाज आला. "नोटीस काढावी लागंल, मॅडम. एकेचाळीस सह्या हायत, पयली सही सम्राट पिराजी कोण ते. उद्या दुपारपतूर खुलासा द्या, न्हायतर आम्हाला नावं घालावी लागत्यात."

फोन ठेवून तिनं निवेदनाची प्रत उघडली. विषय बरोबर होता. तृतीयपंथी ओळखपत्राचे तेवीस अर्ज पाच महिने पडून आहेत, नियमानं महिन्याभरात द्यायला हवेत, ते त्वरित द्यावेत. हे सगळं तिनंच लिहिलेलं. आणि खाली, तिनं कधीच न लिहिलेला, पण तिच्याच फोनवरून गेलेला शेवटचा परिच्छेद:

"अन्यथा येत्या सोमवारी सकाळी ठीक अकरा वाजता आपल्या कार्यालयास टाळे ठोकण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील, याची नोंद घ्यावी."



झालं होतं ते साधं होतं. स्वप्नालीचे वडील पिराजी जन्मभर सफाई कामगारांच्या युनियनचे चिटणीस. त्यांच्या निवेदनांची फाईल म्हणजे जाडजूड बाड. कोल्हापुरात निवेदन कसं लिहावं हे शिकायचं तर त्यातून शिकावं. त्यातलं एक तिनं फोनवर उतरवून घेतलं होतं आणि मांडी घालून, राजवीरला पाजत, एका अंगठ्यानं आतला मजकूर बदलत गेली होती. वार बदलला नाही, वेळ बदलली नाही. शेवटापर्यंत येण्याआधीच राजवीरनं फोन ओढला, आणि तिला वाटलं, झालं. बी.एड. झालेली बाई, दुसऱ्यांच्या वह्या तपासायची तिची तयारी होती, आणि स्वतःचा कागद एकदा खालपर्यंत वाचला नाही.

दुसऱ्या कुणाचं काही असतं तर ती इतकी घाबरली नसती. पण सम्राटला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख आठवड्यावर आली होती, आणि त्या फॉर्मला ओळखपत्र लागत होतं. आता ओळखपत्र मिळालं तरी काय? भरतीत चारित्र्य पडताळणी असते. नावावर गुन्हा पडला तर पोरगं जन्माचं घरी बसणार, आणि तेही बहिणीच्या हातानं.

तिनं राजवीरला कडेवर घेतलं आणि रिक्षा करून शाहूपुरी गाठली.

शाहूपुरीत एका बाइंडिंगच्या दुकानावर मंडळाची खोली होती. चार माणसं जमली की कोल्हापुरात मंडळ होतं, तसं हेही झालेलं. त्यात यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेऊन फिरलेले जोगते होते, पार्लरमध्ये काम करणाऱ्या अक्षतासारख्या पारलिंगी मुली होत्या, मुलगी म्हणून जन्मलेले सम्राटसारखे मुलगे होते, एकमेकींसोबत संसार थाटलेल्या दोघी होत्या. आणि सगळ्यांच्या वर अंजनाक्का. पन्नाशीच्या, उंच, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की खालच्या बाइंडरची शिवण चुकावी.

दोन वर्षांपूर्वी सम्राटनं ताईला पहिल्यांदा सगळं सांगितलं, तेव्हा सांत्वनाला शब्द स्वप्नालीकडं नव्हते. होती ती फक्त भीती. पोराला कुणी मारेल, कोण नोकरी देईल, म्हातारपणी कोण बघेल. अंजनाक्का घरी येऊन चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "पोरगं जेवतंय, पळतंय, हसतंय. तुला भ्या कशाचं वाटतंय ते कागदावर लिव. एकेक खोडत जाऊ." पुढं राजवीरच्या वेळी, आई हयात नसताना, स्वप्नालीच्या टाळूला तेल जिरवलं ते याच अंजनाक्कांनी, आणि डिंकाचे लाडू वळले ते या खोलीतल्या सगळ्यांनी मिळून. मंडळाचे कागद लिहायचं काम तिनं त्या ऋणापोटी अंगावर घेतलं होतं. आणि केलं काय, तर हे.

तिनं सगळं सांगितलं. अंजनाक्कांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि परिच्छेद मोठ्यानं वाचला. वाचून परत वाचला.

"कुणी लिवलाय गं ह्यो? पाच महिने नुसतं 'विनंती' न् 'नम्र' लिवत बसलो आपण. ह्यो आधी घालाया पायजे हुता."

खोली हसली. अक्षतानं विचारलं, "आक्का, टाळं केवढं आणायचं?"

सम्राट हसला नाही. तो खिडकीशी उभा होता, ट्रॅक पॅंटच्या खिशात हात घालून. "ताई, पहिली सही माझी हाय."

"माहीत आहे."

"मीच म्हटलो, पहिली माझी घ्या म्हणून. जिंदगीत पहिल्यांदा ह्या नावानं कुठंतरी सही केली." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसवलं असतं.

"मी ठाण्यात जाते," स्वप्नाली म्हणाली. "सांगते, लिहिणारी मी, चूक माझी. काय घालायचं ते माझ्यावर घाला."

"आणि ह्या लेकराला काय लॉकअपमध्ये पाजणार?" अंजनाक्कांनी राजवीरला तिच्या कडेवरून उचलून घेतलं. "एकटीनं जायाचं न्हाय कुणी. सही सगळ्यांची हाय. गुन्हा घालायचा तर एकेचाळीस जणांवर घाला म्हणावं, रेकॉर्डला जागा किती हाय बघू." मग जरा हळू म्हणाल्या, "पण कागदाची रीत मला कळत न्हाय. ज्याची हाय त्याला इचार."

ज्यांची होती ते तिचे बाबा कळंब्याला एकटे राहत होते. सम्राटनं सांगितल्या दिवसापासून पिराजींनी त्याला शिवी दिली नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं. जुनं नाव घेत नव्हते, नवं तर नाहीच. स्वप्नालीला विचारायचे, "धाकट्याचं बरं हाय न्हवं?" तेवढंच. महिन्याभरात सम्राट बॅग उचलून ताईकडं राजारामपुरीत आला, तो परत त्या उंबऱ्यावर गेला नाही.

पिराजींनी कागद टेबलावर सपाट केला, चष्मा पुसला आणि विषयापासून वाचायला सुरुवात केली. कागद कसा वाचावा याचे त्यांचे नियम होते. मधली ओळ आधी वाचायची नाही, घाई करायची नाही. राजवीर त्यांच्या चपलेशी खेळत होता. शेवटाला आल्यावर त्यांच्या मिशा हलल्या.

"ह्यो माझा हाय."

"हो, बाबा."

"अठ्ठ्याण्णव सालचा. हजेरी कामगार कायम करा म्हणून दिलता. 'सर्वस्वी' मी घातलता, आमचा अध्यक्ष नको म्हणत हुता."

"मग ठोकलं होतं का टाळं?"

"छे. टाळं कोण ठोकतंय? टाळं लिवायचं असतं, बाळ. लिवलं की पोलीस सायबाला रिपोर्ट पाठवत्यात, साहेब फाईल मागतोय, आन् फाईल तेवढी खालनं वर येती. हेच्यासाठी लिवायचं." त्यांनी बोट ओळीवरून फिरवलं. "पण तुम्ही नवखी माणसं. नोटिशीला खुलासा दिला न्हाय तर ते खरंच धरून चालत्यात."

"माफीचं पत्र देऊ?"

"माफी कशाची? मागणी खोटी हाय?" ते पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. मग सह्यांच्या पानावर आले, आणि तिथंच थांबले.

पहिली सही. सम्राट पिराजी. 'पिराजी' मधला 'र' लांब ओढलेला, थेट त्यांच्या सहीत असायचा तसा.

स्वप्नालीला माणसांचे चेहरे वाचायची सवय होती, आणि हा चेहरा वाचायची हिंमत होईना म्हणून ती राजवीरच्या तोंडातून चप्पल काढत बसली.

"वही घे," पिराजी म्हणाले. "लिव. प्रति, माननीय पोलीस निरीक्षक. विषय, खुलासा देणेबाबत. महोदय, उपरोक्त निवेदनातील शेवटचा परिच्छेद हा मी, निवृत्त चिटणीस पिराजी, याने तयार केलेला असून त्याची सर्व जबाबदारी माझी आहे."

"बाबा, तुम्ही कुठं..."

"मीच लिवलाय. खोटं काय त्यात? लिव. माझा मुलगा सम्राट व इतर चाळीस अर्जदारांचा कायदा हातात घेण्याचा..." ते थांबले. "काय झालं? पेन चालंना?"

"चालतंय."

"मग थांबलीस का? माझा मुलगा सम्राट. पुढं लिव."

तिनं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण तिनं तो कागद बदलला नाही.

शनिवारी ठाण्यात गणपतराव हवालदारांनी खुलासा घेतला आणि पिराजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पावणं, तुम्ही ते युनियनवालं न्हवं? मी नवा भरती झालतो तवा तुमच्या मोर्च्यात दिवसभर उन्हात हुबा हुतो."

"मग तुम्हाला माहिती असंल की आम्ही काय मोडत न्हाय."

"रिटायर झाला की आता."

"माणूस रिटायर हुतोय. परिच्छेद न्हाय."

हवालदारांनी शिक्का उचलला, पण मारला नाही. "आन् हा पहिला? सम्राट?"

स्वप्नालीनं राजवीरला घट्ट धरलं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पिराजी म्हणाले, "पोरगा हाय माझा. तुमच्यातच यायचं हाय त्याला. सोळाशे मीटर पाच मिनिटं बारा सेकंदात पळतोय. तीन महिन्यांखाली साडेपाच लागत हुती."

"पाच बारा?" हवालदारांच्या भुवया वर गेल्या. "मग येऊ दे की. वाटेत कशाला आडवा येऊ मी?" आणि शिक्का बसला. "पर सोमवारी गर्दी करू नका. चार-पाच जण जावा, शांततेत. मी येतोच हाय बंदोबस्ताला."

बाहेर आल्यावर स्वप्नालीनं विचारलं, "तुम्हाला वेळ कशी माहीत?"

पिराजी रस्ता बघत चालत होते. "तलावावर चहाच्या गाडीवर बसतोय मी सकाळी. घड्याळ हातात असतंय. वेळ घ्यायला दुसरं कोण हाय त्याला?"

गेली दोन वर्षं तिनं भीतीची यादी ठेवली होती, आणि या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं सेकंद मोजले होते.

सोमवारी अकराला पाच जण ठरलेले, गेले एकोणीस. अंजनाक्कांनी इरकल लुगडं नेसलं होतं. गणपतराव फाटकाशी उभे होते, त्यांनी डोकी मोजली आणि मोजायचं सोडून दिलं. आत साहेब जागेवर होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा. टेबलावर तेवीसच्या तेवीस फायली होत्या, वरची धूळ पुसलेली. साहेबांनी आधी टाळ्याबद्दल दोन शब्द सुनावले. अंजनाक्कांनी मान खाली घालून ऐकून घेतले, जसं काही त्यांच्याएवढी गरीब बाई जिल्ह्यात नाही. मग कारकुनानं नावं वाचली. नऊ ओळखपत्रं तयार होती, चौदा फायलींत काही ना काही त्रुटी होती. सम्राटचं तिसरं होतं. अंजनाक्कांचं नाव आलं नाही. त्यांच्या जन्माचा कुठं कागदच नव्हता.

"आक्का," स्वप्नाली नाक ओढत म्हणाली, "सगळं तुमच्यामुळं, आणि तुमचंच..."

"माझं हुईल. देवीनं कुठं जन्माचा दाखला मागितला मला? हे मागत्यात, तर देऊ हुडकून." अंजनाक्कांनी पदराच्या टोकानं तिचं नाक पुसलं, राजवीरचं पुसावं तसं. "रडून शाई फुटती, मास्तरीण. चौदा जणांचं तुलाच लिवायचं हाय."

स्वप्नालीनं मान हलवली. या बाईचे आभार कसे मानायचे असतात ते तिला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं पर्समधून वही काढली आणि चौदा नावं लिहायला घेतली, पहिलं अंजनाक्कांचं.

आवारात सम्राट ओळखपत्र हातात धरून उभा होता. समोर पिराजी. दोघांत हातभर अंतर. सम्राटनं ते पुढं केलं. पिराजींनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, शासनाच्या बोधचिन्हापासून खालच्या सहीपर्यंत, एकही ओळ न गाळता. मग परत दिलं.

"फॉर्म आत्ताच भर. शेवटच्या दिवशी वेबसाईट बसती."

"आत्ता? इथं?"

"मग काय मुहूर्त बघतोस?"

सगळे कट्ट्यावर बसले. सम्राट फोनवर भरत गेला, अक्षता मागून डोकावून स्पेलिंग तपासू लागली, राजवीर अंजनाक्कांच्या कुंकवाला हात लावायला बघत होता. गणपतराव हवालदारही उगाच जवळ येऊन उभे राहिले आणि 'उंची पूर्ण लिही रे, दशांश सोडू नको' म्हणाले. एका रकान्यापाशी सम्राट अडला.

"दहावीचे टक्के. एक्क्याऐंशी हुते, पुढचं काय आठवंना."

स्वप्नाली मार्कलिस्ट कुठल्या पिशवीत आहे ते आठवायला लागली.

"एक्क्याऐंशी पूर्णांक चाळीस," पिराजी म्हणाले. "गणितात शहाण्णव. पेढे मी वाटलते."

सम्राटनं मान वर केली नाही. त्यानं आकडा टाकला, एकदा तपासला, आणि पुढच्या रकान्यावर गेला.