पांढरी कड

मुलांनो, आपला उजवा पाय क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आता असं समजा, की बोटांच्या मुळापासून घोट्यापर्यंत त्यावर कातडीच नाही. नुसतं लाल, ओलं मांस. वाऱ्याची झुळूक लागली तरी झोंबतं आहे. तर तुम्ही आष्ट्याच्या दवाखान्यात बाकावर बसला आहात, वय वर्षं नऊ, नाव हौसा. समोर बसलेली मेहरुनबी तुमची पट्टी सोडता सोडता एकदम थांबली आहे.

"ही गाठ माझी न्हाई," ती म्हणाली.

हौसानं मान खाली घातली. मागं उभा असलेला तिचा बाप, धुळा धनगर, उगाच खाकरला.

ही एकोणीसशे चव्वेचाळीस सालची गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी धुळानं पलूसकडं उसाच्या रानात मेंढरं बसवली होती. तिथल्या गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस हौसाच्या पायावर सांडला. तेव्हापासून पाय मेहरुनबीच्या हाती होता. ती नर्स नव्हती. चौदा वर्षं फक्त पट्ट्या बांधायची, आणि महायुद्धामुळं कापड मिळेना म्हणून वापरलेल्या पट्ट्या उकळून वाळवायची. दर सोमवारी जखमेवर पातळ कागद धरून ती कडेनं पेन्सिल फिरवी. आठ कागद झाले होते. आठही एकावर एक ठेवले तर रेघ एकच दिसत होती.

त्याच सकाळी डॉक्टर म्हणाले होते, "ताप उतरत नाही. पुढच्या सोमवारी हेच असलं तर सांगलीला पाठवू. विष वर चढण्याआधी पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल."

मेहरुनबीनं विचारलं, "पट्टी कोण सोडतंय रं, धुळाभाऊ?"

"मीच. रोज सकाळी. लय घाण साठती, बाई. कडंनं पांढरं धरतंय. म्हणून खरवडून काढतो."

"कशानं?"

त्यानं कमरेची आखूड सुरी दाखवली. "खुरातबी असंच. पांढरं दिसलं की सड. लाल रगत दिसंपतूर काढायचं, मग खूर बरा. दीडशे मेंढरं हायती माझी, एक लंगडत न्हाई. इचारा कुणालाबी."

मेहरुनबीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "आगं, मला सांगायचं न्हाई व्हय?"

"आबा म्हनलं, दवाखान्यातली मानसं भ्यात्यात," हौसा पुटपुटली.

मुलांनो, आपली कातडी अगदी बारीक पेशींची बनलेली असते. चारी बाजूंनी शेजारी दाटून बसलेले असले की पेशीला पुढं कुठलं नि मागं कुठलं, काही ठरवावं लागत नाही. पण जखम झाली की कडेच्या पेशीची एक बाजू मोकळी पडते. जखमेकडून तिला खुणा मिळू लागतात, तिथं विजेची अगदी हलकी ओढसुद्धा असते. मग ती पेशी आतून मांडणी बदलते, त्या बाजूला तोंड करते, पातळ पाऊल टाकते आणि सरकू लागते. तिच्या पाठोपाठ मागच्या पेशी येतात. ही सरकणारी ओळ, म्हणजेच नवी कातडी, पांढुरकी, निळसर दिसते. मेहरुनबीला यातलं नावगावही ठाऊक नव्हतं. तिनं ती कड शेकडो जखमांवर पाहिली होती, एवढंच.

"धुळाभाऊ, मेंढरांभवतीची वाघरीची जाळी एका अंगानं उघडली तर मेंढरं काय करत्यात?"

"उघड्या अंगाला तोंड करत्यात."

"सगळी एकदम?"

"कडंची आधी. मागली त्यांच्या मागनं."

"आन् रोज सकाळी कुणी कडंचीच कापून काढली तर?"

धुळाच्या कपाळाची शीर उडाली. "मेंढरं आमाला शिकवू नका. सड हाय ती. ऱ्हाऊ दिली आन् पाय कुजला, तर पोर तुमी चालवनार का?"

मेहरुनबी उठून डॉक्टरांकडं गेली आणि ती पांढरी कड आठवडाभर न खरवडता ठेवून बघू, म्हणाली. त्यांनी ऐकून विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

खात्री नव्हती. चुकली असती, तर त्या आठ दिवसांत विष वर चढलं असतं. तरी ती "व्हय" म्हणाली.

परत येऊन तिनं मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, व्हॅसलीनची पट्टी ठेवली. "सोमवारपतूर हात लावायचा न्हाई. वरची पट्टी मीच बदलीन."

गुरुवारी वरची पट्टी काढताना आतली जरा सरकली. धुळा वाकला. "बाई, पांढरं वाढलंय."

"वाढू दे."

"पसरलंय म्हनतोय न्हवं!" त्याचा हात कमरेला गेला. हौसानं बाक घट्ट धरला. पण पाय मागं घेतला नाही. मेहरुनबी दोघांच्या मधे सरकून बसली आणि पट्टी बांधत राहिली.

सोमवारी डॉक्टर स्वतः शेजारी उभे राहिले. गाठ जशीच्या तशी होती. मेहरुनबीनं कागद धरला, पेन्सिल फिरवली, जुना कागद वर ठेवला. नवी रेघ जुनीच्या आत होती. सगळीकडून जवाच्या दाण्याएवढी आत.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. हौसाच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. सांगलीचं राहू दे."

धुळानं दोन्ही कागद मागून घेतले. उलटे धरले, सुलटे धरले. मग हळूच विचारलं, "म्हंजे रोज सकाळी मीच..."

मेहरुनबी पट्टी गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

धुळा बाहेर गेला आणि पायरीवर बसला. त्याची पाठ एवढी रुंद होती, की दारातला उजेड अडला.

हौसा बाकावरून उतरली. भिंत धरत, एका टाचेवर, दारापर्यंत आली. बापाच्या शेजारी पायरीवर टेकली. तो तिच्याकडं बघेना. तेव्हा तिनं दोन्ही हातांनी आपला दुखरा पाय उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.