न हरणारा हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे आणि मी हरलो आहे. सपशेल हरलो आहे. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. आमच्या वस्तीत असं काही घडलेलं नाही, आणि घडायचंच असतं तर आधी सोसायटीच्या चेअरमनांना विचारावं लागलं असतं.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. चकलांब्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिथे एक दिवस बोअरचं यंत्र घरघरत आलं, त्यानं काळा खडक फोडला आणि त्या भोकावर मला उभं करून नटबोल्टांनी आवळलं. पहिलं पाणी आलं तेव्हा लोकांनी माझ्याच डोक्यावर नारळ फोडला. मी लोखंडाचा, म्हणून वाचलो.

पुढे कितीतरी वर्षं मी पाणी दिलं. विहिरी आटायच्या, मी आटत नसे. शेजारची बायनाबाई लग्न होऊन आली ती पहिली घागर भरायला माझ्याकडेच. ती माझ्याशी बोलायची. "चल रं बाबा, उरक, चुलीवर भाकर हाय," म्हणायची. मी उरकायचो.

मग गावच्या विकास सोसायटीची निवडणूक लागली आणि माझ्या आयुष्यात कौतुक शिरलं. सुंदररावांच्या पॅनलला निशाणी मिळाली, हातपंप. पॅनल निवडून आलं. चेअरमन होताच सुंदररावांनी पहिला हार मला घातला. "ह्यो कवा हारत न्हाई, म्हनून आपुन हारलो न्हाई," असं भाषणही केलं. मग हे माझ्यावर लिहून ठेवावं असं ठरलं. पेंटरनं 'अजिंक्य' लिहायला ब्रश बुडवला, तसे सुंदरराव ओरडले, "थांब बे! अजिंक्य तर पोरांची क्रिकेटची टीम बी हाय. परवाच हारून आली. इंग्रजीत लिही."

त्यांचे जावई बीडला क्लासमध्ये इंग्रजी शिकवतात. त्यांनी शब्द पाठवला आणि तो माझ्या छातीवर बसला: अनबीटेबल. पुढच्या निवडणुकीला इन्व्हिन्सिबल. त्याच्या पुढच्या निवडणुकीला अनकाँकरेबल. हा शब्द इतका लांब, की माझ्या पोटावर सुरू होऊन पाठीवर संपतो. वाचायचा तर माझ्याभोवती पूर्ण फेरी मारावी लागते. दोन म्हाताऱ्यांनी ती फेरी मारताना हातही जोडले.

रंग नेमानं लागत गेला. आतला वायसर मात्र कुणी बदलला नाही, कारण तो बाहेरून दिसत नाही. त्यातच सुंदररावांनी उसासाठी माझ्या पलीकडच्या बांधाला दोन बोअर घेतले. ते माझ्यापेक्षा कितीतरी खोल गेले. शब्द वरून जड होत होते, पाणी खालून सरकत होतं, आणि मी मधे उभा होतो.

पुन्हा मोठा दुष्काळ पडला. आधी माझ्यातून गढूळ पाणी आलं, मग गंजाचं, मग नुसता आवाज. बायनाबाईचा लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले. घरी ती, तान्ही नात आणि एक म्हैस. दुखऱ्या गुडघ्यानं ती चकलांब्याच्या विहिरीवरून घागर आणू लागली. पण जाण्याआधी रोज पहाटे माझा दांडा एकदा ओढून बघायची. न जाणो.

टँकर हवा तर गावातला स्रोत कोरडा असला पाहिजे. तो तपासायला एक साहेब आले. निवडणूक तोंडावर होती. सुंदररावांनी बायनाबाईला बाजूला घेतलं.

"काकू, इलेक्शन हुईपर्यंत कळ काढ. निशाणीच कोरडी म्हनल्यावर मत कोन देईन?"

"आन् लेकराला काय पाजू? तुजी निशाणी?"

साहेबांनी दांडा मारला. मी खोकलो. पुन्हा मारला. पुन्हा खोकलो. मित्रांनो, त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हरायचा प्रयत्न करत होतो.

"नव्या हाताला लाजतोय," सुंदरराव म्हणाले. "आपल्या बायांचा हात वळखतो ह्यो."

बायनाबाईनं दांडा मारला. मी तिलाही लाजलो.

उन्हात साहेबांचा घसा सुकला होता. दारात आलेला पाहुणा पाण्यावाचून जाऊ द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बायनाबाईनं घरातून तांब्या आणला, गुळाचा खडाही आणला. साहेब घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "पाणी तर गोड आहे!"

"अनकाँकरेबल हाय, सायेब. लिवलंच हाय की," सुंदररावांनी लगेच माझ्याकडे बोट केलं.

"आवो, ते चकलांब्याच्या इहिरीचं हाय!" बायनाबाई ओरडली. "डोक्यावर आनलंय मी!"

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "पाणी नसतं तर तुम्ही पाहुण्याला दिलं असतं का?"

साहेब माझ्याभोवती फेरी मारून शब्द वाचून गेले. टँकर नामंजूर झाला.

सुंदरराव बिनविरोध निवडून आले. मला नवा हार पडला आणि नवा शब्द मिळाला: इंडॉमिटेबल. त्याच दिवशी चकलांब्याच्या वाटेवर बायनाबाईचा गुडघा मुडपला. घागर पडली, पाणी मातीत गेलं. ती माझ्या ओट्यावर येऊन टेकली आणि म्हणाली, "बाबा, तू तरी खरं बोल की." मी खोकलो. तेवढंच मला येतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हार घालण्याआधी एकदा तिच्या आत डोकावून पाहत जा. आणि ज्यांच्या हाती असेल त्यांनी माझा हा अर्ज पुढे पाठवावा:

विषय: अर्जदारास पराभूत घोषित करणेबाबत.

महोदय, अर्जदार हापसा कोरडा असून त्यास सर्व भाषांतून हरलेला समजण्यात यावे, त्याच्या अंगावरील इंग्रजी शब्द मागील तारखेपासून रद्द करण्यात यावेत, आणि पहिला टँकर बायनाबाईच्या दारात उभा करण्यात यावा, ही नम्र विनंती. सोबत पुरावा म्हणून चेपलेली घागर जोडली आहे. अर्जदारास सही करता येत नाही. सबब, उद्या पहाटे बायनाबाई दांडा ओढेल तेव्हा होणारा आवाज हीच सही समजण्यात यावी.