सत्त्याहत्तर नंबरचा श्वास

घड्याळजींच्या बायकोकडे एकशे त्रेचाळीस घोडे होते. त्यांना खेळणी म्हटलेलं तिला खपत नसे. वीतभर उंच, प्लॅस्टिकचे, आतून पोकळ, पण असे घडवलेले की गालावरची शीरसुद्धा बोटाला लागावी. एका घोड्याच्या दोनशे नाहीतर अडीचशेच प्रती काढायच्या, प्रत्येकीच्या पोटाखाली हाताने नंबर घालायचा आणि मग साचा फोडून टाकायचा, अशी करणाऱ्यांची रीत.

"चांगला चालता साचा फोडतात?" घड्याळजी विचारायचे.

"मग! देव नाही का फोडत? तुमच्यासारखा दुसरा कुठे बघितलात?"

पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मध्ये पडदा आणि मागच्या खोलीत तिचे घोडे. नवा घोडा आला की ती वेताच्या खुर्चीत बसून खोका उघडायची आणि आतून हाक मारायची. हाक म्हणजे काय, तर ओठ मिटून नाकातून एक लांब "हं". खालून निघायचा आणि शेवटाला वर चढायचा. घड्याळजी भिंग काढून आत जायचे, घोडा हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि म्हणायचे, "छान आहे. खातो किती?" बत्तीस वर्षांत हा विनोद शिळा झाला नाही, कारण दर वेळी ती नव्याने चिडायची.

सत्त्याहत्तर नंबर तिने सहा वर्षं शोधला. राखी रंगाचा, अंगावर पांढरे ठिपके, मान वळवून मागे बघणारा. तो आला त्या दिवशी चारच्या सुमाराला आतून "हं" आला. घड्याळजींच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती.

"आलो, दोन मिनिटं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा एक "हं" आला, जरा बारीक.

"अगं आलो म्हटलं ना!"

दोन मिनिटांची वीस झाली. हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, कारण समोरच्या भिंतीवर तीस घड्याळं होती आणि तिसांत एकमत होतं. ते आत गेले तेव्हा घोडा तिच्या मांडीवर होता आणि मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, कोणाच्या हातात काही नसतं. घड्याळजींनी मान हलवली. वीस मिनिटांची गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितली नाही, मोठ्या बहिणीलाही नाही. घोडा त्यांनी न बघताच उचलला आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवून दिला.

ताई राहायला आली. चार महिने झाले, ती काही परत जायचं नाव घेईना.

"घरात घोडे एकशे त्रेचाळीस आणि माणूस एक," ती म्हणायची. "हे घर आहे की तबेला? एखाद्या शाळेला तरी देऊन टाक."

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही, हे मी तू चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते."

आणि एका दुपारी चार वाजता, पडद्यामागून, "हं" आला.

घड्याळजींच्या हातातला चिमटा गळून पडला. सवयीने तोंडातून शब्द निघालेच होते, "आलो, दोन...", ते तिथेच तुटले. ताई समोर बसून भाजी निवडत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "वारा सुटलाय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा, पहिला लांब आणि दुसरा जरा बारीक. कारागिराचा कान, त्या कानाने त्यांनी आवाजाचा माग काढला. सत्त्याहत्तर नंबरच्या उजव्या नाकपुडीत सुईच्या टोकाएवढं भोक होतं. खिडकीतून वारा आला की त्या भोकावरून जायचा आणि पोकळ पोट घुमायचं. कळलं एकदाचं. पण कळलं म्हणून अंगावरचा काटा बसला असं झालं नाही. वारा रोजचाच होता आणि भोकंही जगात पुष्कळ असतील. मग सूर नेमका तिचाच कसा? आणि शेवटाला चढत कसा होता?

आठ दिवस त्यांनी सोसलं. नवव्या दिवशी मेणाचा एक कण तापवून भोकात भरला, वर राखी रंगाचा ठिपका दिला. काम असं सफाईदार की भिंगातूनही दिसू नये.

त्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले. आतून काही आलं नाही. घड्याळजी सुस्कारा टाकायला गेले, तो निघेना. भीती संपली असं त्यांना वाटलं होतं, पण आता ते आवाज येण्याऐवजी न येण्याला भिऊ लागले. चार वाजले की हात थांबायचे, कान पडद्याकडे लागायचे आणि पडदा गप्प. जणू आत कोणीतरी तोंडावर हात दाबून बसलंय. कोणाचा हात, हे त्यांना माहीत होतं.

उन्हाळा लागला. मागच्या खिडकीतून दुपारभर ऊन आत यायला लागलं. मग एक नवंच सुरू झालं. तीस घड्याळांच्या टिकटिकीत एक एकतिसावं "टक्". त्याला ताल नव्हता. कधी पाच मिनिटांनी, कधी तासाने. घड्याळजींनी एकेक घड्याळ उतरवून कानाला लावलं.

"काय शोधतोस?" ताईने विचारलं.

"एक घड्याळ चुकतंय."

"तिसांतलं एकही चुकत नाही. चुकतोयस तू. जेवतोस किती, झोपतोस किती, बघ जरा आरशात."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, हा घोडा घरात नको. बायकोची एक मैत्रीण होती, तीही घोड्यांची वेडी. पेशाने बसची कंडक्टर. तोंडाला लगाम नाही म्हणून सगळे तिला लगामबाईच म्हणायचे आणि ती ते मेडलसारखं मिरवायची. तिला त्यांनी फोन केला. "सत्त्याहत्तर नंबर तुम्ही न्या. काही द्यायचं नाही. फक्त न्या."



"भाऊजी," लगामबाई म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"

सुट्टीच्या दिवशी ती भर दुपारी आली. हातात एक खोका, त्यात जुनी मऊ शाल. ताईला म्हणाली, "आहात अजून? मला वाटलं, तुम्हाला पण नंबर घालून फळीवर ठेवलं असेल."

"मला ठेवायला फळी लोखंडाची लागेल," ताई म्हणाली. दोघी हसल्या. घड्याळजींनी पडदा सरकवला.

घोडा जागेवर नव्हता. म्हणजे फळीवरच होता, पण पुढे सरकला होता. पुढचे दोन पाय फळीच्या कडेबाहेर, चारही पाय फाकलेले, पोट गच्च फुगून गोल झालेलं, जसं कोणी आत श्वास घेऊन धरून ठेवलाय. अंगावरचे ठिपके ताणून पसरले होते. आणि मागे वळलेली मान, आधी खिडकीकडे असायची, ती आता सरळ पडद्याकडे बघत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत "टक्" झालं.

"अगं आई गं!" ताई दोन पावलं मागे सरली.

लगामबाई मात्र पुढे झाली. घोडा उचलून तिने नाकपुडीवर अंगठा फिरवला आणि वळली. "हे कोणी केलं?"

घड्याळजी पडद्याची कड चुरगाळत राहिले.

"भाऊजी, पोरांना पहिलं अक्षर शिकवतात ना, तसं आमच्यात पहिलं हे शिकवतात. पोकळ घोड्याला भोक ठेवलेलं असतं, ते त्याच्या श्वासाचं. बुजवलं की उन्हात आतली हवा फुगते आणि घोडा आतून तडकतो. देवानेही माणसाला भोकं ठेवलीत ती शोभेला नाहीत! सहा वर्षं शोधला हो तिने ह्याला. कोणी बुजवलं?"

"मी."

"का?"

आणि घड्याळजी त्या वेताच्या खुर्चीत बसले. ती गेल्यापासून पहिल्यांदा. सगळं सांगितलं. स्प्रिंग, पहिला "हं", दुसरा "हं", आलो म्हटलं ना, वीस मिनिटं. मग वाऱ्याचा आवाज, मग मेण. "ती अजून बोलावते," ते म्हणाले. "मी तेव्हाही गेलो नाही. आणि आता तिचं तोंडच बंद केलं."

ताईने पदर तोंडाला लावला. लगामबाई घोडा पोटाशी धरून उभी होती. घड्याळजींना वाटलं, आता ही म्हणेल की तुमचा काही दोष नाही. सगळे हेच म्हणाले असते आणि त्याचा काही उपयोग झाला नसता.

"मी हा नेत नाही," ती म्हणाली. "ही हाक माझ्या नावाची नाही. माझ्या घरी नेऊन ती काय मुकी होणार आहे? हाक कोणाची, वाऱ्याची की तिची, ते मला विचारू नका, मी तिकिटं फाडणारी बाई. पण हाक आली की ओ द्यायची असते, एवढं मला कळतं. उशीर झाला तरी. आणा तुमचं हत्यार."

घड्याळजींनी आपल्यापाशी असलेली सगळ्यांत बारीक सुई आणली. भिंग डोळ्याला लावलं. लगामबाईने खिडकी लावून घेतली, धूळ नको म्हणून, आणि खाली बसून घोड्याचं पोट दोन्ही तळव्यांत धरलं, दाई धरते तसं.  घड्याळजींनी एकदा डोळे मिटले, मनातल्या मनात तिचं नाव घेतलं, आणि सुई लावली. रंगाचा ठिपका उडाला. मेणात सुई शिरली, फिरली, बाहेर आली.

बंद खोलीत, वाऱ्याची झुळूकही नसताना, त्या नाकपुडीतून महिनाभर कोंडलेली हवा सुटली.

"हं..."

खालून निघाला. लांब, फार लांब. आणि शेवटाला वर चढला.

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने ऐकलं होतं, लगामबाईनेही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तळव्यांखालचं पोट हळूहळू सैल होत होतं.

"आलो," घड्याळजी म्हणाले.

त्यांनी भिंग काढलं आणि घोडा हातात घेतला. आणून ठेवल्यापासून त्यांनी हा घोडा पाहिला होता तो वैऱ्यासारखा. आज पहिल्यांदा बघण्यासाठी पाहिला. आयाळीचा एकेक केस सुटा होता. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाण्यासारखा एक चमकता थेंब रंगवला होता, उजव्यात नव्हता. मागचा एक खूर जरासा उचललेला, निघावं की थांबावं हे न ठरलेल्यासारखा. हेच ती दाखवणार होती तर.

"पाय आता सरळ व्हायचे नाहीत," लगामबाई म्हणाली. "ताणलेले ठिपके पुन्हा लहान व्हायचे नाहीत. आमच्या लोकांत ह्याला आता कोणी विचारणार नाही."

"मी विचारीन," घड्याळजी म्हणाले. मग घोड्याला जरा उजेडाकडे धरून, खुर्चीच्या रिकाम्या पाठीकडे न बघता, हळूच म्हणाले, "छान आहे गं. खातो किती?"

त्यांनी कान देऊन वाट पाहिली. ताई खिडकी उघडायला गेली.