हेमावती सिस्टरचे हात

स्टीलचा ट्रे फरशीवर आदळला, तेव्हा डॉक्टर नाडगौडा नव्या नर्सच्या, केसरच्या, आईबापावर घसरले होते. चिमटे, कात्र्या खाटांखाली घरंगळत गेल्या. बायकांच्या वॉर्डातल्या सगळ्या माना ट्रॉलीकडं वळल्या. डॉक्टरांचीही वळली.

"पुन्हा तुम्ही?"

हेमावती सिस्टर ओशाळी होऊन उभी होती.

"सुटला हातातून, सर."

"हात आहेत की काय आहेत हे?"

मग डॉक्टरांचा सगळा राग तिच्यावर निघाला. तेवढ्यात केसर नवं बँडेज घेऊन पेशंटच्या पायाशी वाकलीही होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं नाही.

अक्कलकोट रोडवरचा तो धर्मादाय दवाखाना एका सूतव्यापाऱ्याच्या नावानं चालायचा. गावात त्याला गुरुबसप्पांचा दवाखाना म्हणत. नाडगौडांसारखा सर्जन जिल्ह्यात दुसरा नाही, असं विश्वस्त अभिमानानं सांगत, आणि ते खरंही होतं. म्हणूनच सकाळच्या राऊंडला ते कुणावर तुटून पडले की बाकीच्या नर्सा फरशीकडं बघत. नव्या मुलींतली एक ते नेमकी हेरत. यंदा ती केसर होती. मिलमध्ये काम करणाऱ्या धोंडिरामची मुलगी, घरात पांढरा गणवेश घालणारी पहिलीच. 'तुमच्यातल्या पोरींना कुणी सांगितलं नर्स व्हायला,' हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की घरी सांगणंही सोडून दिलं होतं. उलट बोलायची सोय नव्हती. डॉक्टरांना तोंडावर बोललेली शेवटची नर्स सावित्रम्मा आता पंढरपुरात भावाच्या दुकानात बसायची.

हेमावतीच्या हातून मात्र सारखं काहीतरी पडायचं. कधी ट्रे, कधी औषधाची बाटली, एकदा तर पाण्याचं अख्खं भांडं.

"लई गुणाची बाई हाय," मांडी मोडून पडलेली मंगळवेढ्याची काशम्मा म्हणायची, "पर हाताला लोणी लागलंय की हिच्या!"

वॉर्ड हसायचा. केसरही हसायची.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी एमआयडीसीतून एका बाईला आणलं. यंत्रमागाच्या पट्ट्यात तिचा हात ओढला गेला होता. थिएटरमध्ये पहिल्यांदाच केसरची नेमणूक होती. डॉक्टरांनी फाटलेली रक्तवाहिनी शोधली, हेमावतीनं तिच्यावर चिमटा लावला, आणि लाईट गेली. रंगवलेल्या काचांच्या त्या खोलीत काही दिसेना.

"टॉर्च," डॉक्टर म्हणाले. "आणि चिमटा सोडू नका."

"नाही सोडत."

एका हातात टॉर्च, दुसऱ्यात चिमटा धरून हेमावती वाकून उभी राहिली. तिच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळत होता, तो केसरनं पुसला. डॉक्टर टाका घालत होते. उजेडाचं ते लहानसं वर्तुळ तसूभरही हललं नाही. अर्धवट वाकलेल्या त्या पाठीकडं, त्या मनगटांकडं केसर बघत राहिली. डॉक्टर एकदाही ओरडले नाहीत.

बाईचा हात वाचला.

नंतर नळाखाली हात धुताना केसरनं हळूच विचारलं, "ताई, तुमच्या हातून वॉर्डातच कसं पडतं सगळं?"

हेमावती नखांत ब्रश फिरवत राहिली.

"वॉर्डातली फरशी गुळगुळीत आहे की," ती म्हणाली. "उद्याचं प्लास्टर काढून ठेवलंस का?"

त्या रात्री केसरनं एकेक आठवून पाहिलं. बाटली पडली तो दिवस. भांडं पडलं तो दिवस. प्रत्येक वेळी आपण मान खाली घालून कुठं उभ्या होतो, ते तिला आठवलं. आणि आपण हसलो होतो, तेही.

आठवडा गेला नसेल, तोच वॉर्डात बातमी आली. थिएटरच्या मुख्य सिस्टरची जागा रिकामी होत होती आणि ती हेमावतीला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पण डॉक्टरांनी विश्वस्तांना सांगितलं, बाईचे हात आता चालत नाहीत. वॉर्डातूनही काढा. दुसऱ्या दिवसापासून हेमावती चादरींच्या खोलीत बसली.

केसर मेट्रनबाईंच्या केबिनपाशी गेली, परत फिरली, पुन्हा गेली. सुंदरम्मा जेवणाचा डबा उघडत होत्या. केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. विश्वस्तही त्यांना उठून नमस्कार करत.

"बाई, हेमाताईंच्या हातून काही पडत नाही. त्या पाडतात. आमच्यासाठी."

सुंदरम्मांनी डब्याचं झाकण परत लावलं.

"ठाऊक आहे मला."

केसरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तिला सुई धरायला मी शिकवलंय," त्या म्हणाल्या. "तिचे हात मला ठाऊक नसतील?"

"मग बाई..." केसर थांबली. ती तशीच उभी राहिली, आणि बाहेरही गेली नाही.

सुंदरम्मांनी डबा न खाताच बाजूला सरकवला.

"जा तू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी राऊंड सुरू झाला, तेव्हा वॉर्डाच्या दारात सुंदरम्मा उभ्या होत्या. राऊंडला त्या कधीच येत नसत. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण काही विचारलं नाही. खाटांमागून खाटा झाल्या. काशम्माच्या खाटेपाशी डॉक्टर थांबले.

"ही पट्टी कुणी बांधली?"

"मी, सर," केसर म्हणाली.

"ही काय बांधायची पद्धत झाली? गुरं राखायची सोडून इथं कशाला आलीस? कुणी शिकवलं तुला हे?"

नर्सांच्या माना खाली गेल्या. ट्रॉलीपाशी कुणी नव्हतं. वर पंखा करकरत होता.

"मी," सुंदरम्मा म्हणाल्या.

त्या पुढं आल्या. आवाज चढलेला नव्हता.

"मी शिकवलं. इथल्या सगळ्या मुलींना मीच शिकवलंय, डॉक्टर. पट्टी चुकली असेल तर मला दाखवा, मी दुरुस्त करते. आणि आईबापावरून बोलायचं असेल, तर तेही यापुढं माझ्याशीच बोला."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. फरशीकडं बघणारं आता कुणी नव्हतं. काशम्मा कोपरावर जोर देऊन अर्धी उठून बसली होती.

"पट्टी ठीक आहे," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं वळले.

सुंदरम्मा त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या. जाता जाता मान न वळवता म्हणाल्या, "केसर, हेमावतीला बोलावून आण. थिएटर तिलाच सांभाळायचंय."

चादरींच्या खोलीत हेमावती एकटीच घड्या घालत होती. केसर धापा टाकत दारात उभी राहिली.

"ताई, मेट्रनबाई राऊंडला आल्या होत्या."

हेमावतीच्या हातातली चादर तशीच राहिली.

"बोलल्या?"

"बोलल्या. सगळ्यांसमोर."

हेमावती चादरींच्या ढिगावर हळूच टेकली. तिनं घडी पुरी करायचा प्रयत्न केला, पण जमेना. तिचे हात थरथर कापत होते, आणि ते थांबवायची तिला घाई दिसत नव्हती.

केसर आत आली आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं.