झाकणाआडची नाल

लालासाहेबांच्या वाट्याला साहेबकी आली ती नावापुरतीच. शिरवळच्या कारखान्यात ते साधे फिटर. समुद्रात युद्ध पेटून आठ दिवस झाले होते आणि त्यांचा पोरगा जयराज नौदलाच्या सुरुंग काढणाऱ्या जहाजावर होता. पाण्यात दोरानं बांधून सोडलेल्या सुरुंगांचे दोर कापत जाणारी तार ओढायला त्या जहाजावर जे विंच होतं, ते याच कारखान्यात बनलेलं.

दुपारी डबा खाताना तपासणीवरची रुक्सार नव्या पोरींना समजावत होती. जहाजाचं अंग फायबरचं, विंच ब्राँझचं, लोखंड औषधालाही नाही. तळाशी एका जातीचे सुरुंग नुसते पडून असतात आणि वरून लोखंड गेलं की जागे होतात.

लालासाहेबांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. लोखंड चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण खाऱ्या पाण्यात गंजतं म्हणून चालत नसेल, अशी त्यांची समजूत. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला असलं काही विचारायची लाज वाटते. विंच तपासून झालं, शिक्का बसला आणि शेवटचं झाकण लावताना त्यांनी आत काळ्या घोड्याची नाल घट्ट बांधून ठेवली होती. का, तर पोराला कुणाची दृष्ट लागू नये!

ते रुक्सारजवळ गेले आणि हळू आवाजात सगळं सांगून मोकळे झाले. तिचा चेहरा उतरला, कारण शिक्का तिचा होता.

"काका, एवढ्याशा नालेनं कदाचित काही होणारही नाही," ती म्हणाली. "पण तशी खात्री मी देऊ शकत नाही."

"माझी नोकरी गेली तर जाऊ दे, पोरी. तू नौदलाला फोन लाव."

जहाज सकाळीच बंदराबाहेर पडलं होतं. निरोप पोचवतो, एवढंच पलीकडून सांगितलं. मॅनेजर वाट्टेल ते बोलले, पण लालासाहेबांच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. शेडमध्ये कुठं काही आदळलं की ते दचकून फोनकडं बघत. आपल्याच हातानं पोराच्या पायाखाली मरण बांधून दिलं, हे त्यांना आतून खात होतं.

चार वाजता जयराजचा फोन आला. कप्तानानं दोनच मिनिटं दिली होती.

"आबा, सुरुंगाच्या पट्ट्याच्या अगदी तोंडावर हुतो, तवा निरोप आला. इंजिन बंद करून झाकण काढलं. नाल रबरी बोटीतनं मागं धाडली."

"कुनी काढलं झाकण?"

"मीच. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई. चूक माझ्या बापाची हुती."

लालासाहेबांना रडू फुटलं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आन आता रं?"

"आता उद्या सकाळी त्याच पट्ट्यात शिरायचं."

देवाचा अंगारा जवळ ठेव, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"झाकणाचं बोल्ट नीट आवळल्यास?"

"व्हय, आबा."

"निघायच्या आदी एकदा परत बघ."