सुभेदारांचा एकच शब्द

विजयमालाने न्हाव्याचं मनगट धरलं, तोवर अर्धी मिशी टॉवेलवर पडली होती.

"आवं वैनी, सायबच रेडी म्हनले की!" जोतीराम घाबरून म्हणाला. "मी दोनदा इचारलं. मिशी काढू का? तर रेडी. समदी काढू? तर रेडी, रेडी!"

ओट्यावरच्या खुर्चीत सुभेदार उदयसिंह डोळे वटारून बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा जोतीरामने बांधलेल्या कापडाखाली अडकलेला. "रेडी!" ते पुन्हा ओरडले, आणि ती शिवी होती हे शेजारच्या म्हशीलाही कळलं असेल. जोतीरामला कळलं नाही. त्याचा तरी काय दोष? बिचाऱ्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ ठाऊक होता.

लकवा मारल्यापासून सुभेदारांच्या जिभेवर एवढा एकच शब्द उरला होता. सारी नोकरी त्यांनी फौजेच्या गाड्यांचे ताफे हलवण्यात घालवली, तिथे तो शब्द दिवसातून शंभरदा लागायचा. तो राहिला आणि मराठी सगळी गेली. मान हलवायला सांगितली तर होची नाही व्हायची आणि नाहीची हो. शाळेच्या गाईडात रेडी म्हणजे तयार, सज्ज, तत्पर असं दिलेलं असतं. विजयमालाच्या घरात त्याचे अर्थ निराळे होते. नाकातून आला तर चहात साखर कमी. दोनदा तुटक आला तर मोरीकडे न्या. शेवट लांबवला तर उसाला पाणी सुटलं का? आणि भिंतीकडे तोंड करून म्हटला तर कुणी जवळ येऊ नका. ते कुठल्या गाईडात सापडायचं नाही.

उरलेली अर्धी मिशीही त्या दिवशी उतरवावी लागली. फौजी माणूस कोरा ओठ घेऊन आरशासमोर बसला, ते विजयमालाला बघवलं नाही. तिने संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला बजावलं, "ह्यांचा शब्द मला इचारल्याबिगर कुनी घ्यायचा न्हाई. ह्यांच्या मनात आसंल तेच हुईल, दुसऱ्या कुनाच्या न्हाई!"

तेव्हापासून ऊसतोडीचा मुकादम असो की सोसायटीचा माणूस, सगळे आधी सुभेदारांना विचारत आणि मग तिच्या तोंडाकडे बघत. ती सांगेल ते सुभेदारांचं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. जन्मभर नवरा कुठल्या कुठल्या सरहद्दीवर आणि ती इथे कडेगावात. आता तो डोळ्यांसमोर होता आणि तिच्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. दुखण्यात सुख मानू नये म्हणतात, पण तिने मानलं होतं.

मिशी पुन्हा ओठावर दिसायला लागली, त्या सुमारास धाकटा दीर नानासो साताऱ्याहून एका तरुण बाईला घेऊन आला. रेश्मा नाव. लकव्यानंतर वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या केंद्रात ती काम करायची. सुभेदारांनी सहा महिने तिथेच राहायचं. घरच्यांनी फक्त रविवारी भेटायला यायचं.

"मी संगं ऱ्हायन की," विजयमाला म्हणाली. "एका कोपऱ्यात पडून ऱ्हायन. माझा काय तरास?"

"तसं नाही चालत, काकू." रेश्मा जरा अवघडली. "तुम्ही त्यांचं सगळं न बोलता ओळखता. मग त्यांना शब्द शोधायची वेळच येत नाही."

"म्हंजी मी समजून घेतलं ह्यो गुन्हा झाला व्हय?"

नानासोला गप्प बसवेना. "वैनी, बोलनाऱ्याची माती बी खपती, न बोलनाऱ्याचं गहू बी खपत न्हाईत. किती दिस तुमच्या तोंडानं बोलायचं त्यानं?" आणि तो सरळ भावाकडे वळला. "दादा, साताऱ्याला जायाचं? बोलायला शिकाय?"

"रेडी."

"झालं! तयार हाय दादा."

"मिशीला बी तयारच हुते," विजयमाला म्हणाली. "भावजी, तुमची वटवट थांबवा म्हनत्यात ते."

ती खोटं बोलत नव्हती. तो रेडी तसलाच होता. नानासोचं तोंड एवढंसं झालं.

रेश्मा खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "त्यांच्या मनाविरुद्ध मी कुणाला नेत नाही. काकू, तुम्हीच विचारा. त्यांचं उत्तर तुम्ही सांगाल ते मी धरीन. नको म्हणाले, तर ही मी निघाले."

विजयमालाला हायसं वाटलं. ती नवऱ्यासमोर पाटावर बसली, म्हणजे त्यांची नजर चुकणार नाही.

"आवं, साताऱ्याला ठिवनार म्हनत्यात. मी नसनार तितं. तहान लागली तर तुमालाच मागावं लागंल. येळंवर कुनाला कळलं न्हाई तर तसंच बसावं लागंल." ती पाट पुढे सरकवून बसली. "मला म्हाईत हाय, तुमाला न्हाई जायाचं."

सुभेदारांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात धरला, अंग वर ओढलं आणि पाठ ताठ केली.

"रेडी."

विजयमाला पाटावर तशीच बसून राहिली. हा रेडी तिने पेन्शन झाल्यापासून ऐकला नव्हता. रजा संपली की पहाटे ट्रंक उचलून, उंबऱ्यात उभे राहून ते हा रेडी म्हणत. पोरगं तापाने फणफणलेलं असो की सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असोत, त्या आवाजात कधी फरक पडला नाही. त्या एका शब्दाचा तिने आयुष्यभर राग केला. तो ओळखण्यात तिची चूक होणं शक्यच नव्हतं.

ओट्यावर कुणालाच काही कळलं नव्हतं. नानासो तोंड पाडून जमिनीकडे बघत होता. रेश्मा वाट बघत होती. नको म्हनत्यात, एवढंच म्हणायचं होतं. ते खोटं आहे हे जगात एकाच माणसाला कळलं असतं, आणि त्याला ते सांगता आलं नसतं.

"काय म्हणाले, काकू?"

विजयमालाने पदराने तोंड पुसलं.

"जातो म्हनत्यात."

नानासोने दचकून वर बघितलं. सुभेदारांनी डावा हात उचलला, तो हवेत थोडा भरकटला आणि तिच्या खांद्यावर येऊन टेकला. "रेडी," ते अगदी हळू म्हणाले.

"आता काय म्हणाले?" रेश्माने विचारलं.

"ते तुमच्यासाठी न्हवतं," विजयमाला म्हणाली, आणि त्यांचे कपडे भरायला आत गेली.