चौऱ्याहत्तर नंबरचं दुकान

हॅदरशॉच्या मार्केट स्ट्रीटवर दुकानं एकंदर चाळीस, तरी मॅव्हिस एन्ट्विसलच्या लोकरीच्या दुकानाला अख्खं गाव 'चौऱ्याहत्तर' म्हणायचं. खरा नंबर बारा. पण वर छपराखालच्या दगडात हातभर उंचीचे दोन आकडे कोरलेले होते, सात आणि चार, आणि लँकेशायरच्या माणसाच्या तोंडात एखादं नाव एकदा बसलं की पोस्टमननेही हात टेकावेत. पूर्वी कधीतरी रस्त्याचे नंबर बदलले असतील, असं मॅव्हिसची आजी सांगायची. मॅव्हिस तेच गिऱ्हाइकांना सांगायची, आणि लोकरीचे गुंडे मोजून घेणाऱ्या बायकांना त्यापलीकडे कशाची पडलेली नव्हती.

१९७४ च्या मे महिन्यातला तो मंगळवार होता. नगरपालिकेला ही सगळी ओळ पाडून तिथे मोटारींसाठी तळ करायचा होता. इमारत जुनी म्हणून सरकारी यादीत गेली तरच वाचणार होती, आणि यादीवाल्या मिस लॉरिमर लंडनहून एकदा येऊन गेल्या होत्या. त्यांनी अहवालात लिहिलं, बांधकाम १९३४ चं, विशेष काही नाही, आकड्यांचा दगड दुसरीकडून आणून बसवलेला दिसतो. मॅव्हिसने अपील केलं. आज अकरा वाजता त्या पुन्हा येणार होत्या, शेवटच्या.

१९३४ चं खापर मॅव्हिसच्या बापाच्या डोक्यावर फुटायला हवं होतं. त्या साली त्याने मोठ्या हौसेने खालचा जुना दर्शनी भाग काढून काळी चकचकीत काच लावली आणि उंबऱ्यात '१९३४' असं पितळेचं साल बसवलं. मॅव्हिस ते पितळ चाळीस वर्षं रोज घासत आली होती. आता तेच पितळ तिच्या मुळावर उठलं होतं, आणि आज सकाळीही ती ते घासून बसली होती. सवयीला काय म्हणावं.

दहा वाजता तिला दुकानात बसवेना. रस्ता ओलांडून ती समोरच्या चॅपलच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. पाहुणी आपलं दुकान इथूनच बघणार, तर ते कसं दिसतं ते आपणही एकदा बघावं. दुकान चालवणारा माणूस आपलं दुकान समोरून कधी बघतो? धुराड्यांच्या काजळीने काळा पडलेला दगड, वर कमानीच्या पाच खिडक्या, खिडक्यांखाली कोरलेली मेंढ्यांची मुंडकी. उजव्या टोकाला चौऱ्याहत्तर. तिची इमारत एकदम कुणीतरी सुरीने कापल्यासारखी संपत होती, आणि डावीकडे नॉर्मन डकवर्थचं मासे-चिप्सचं दुकान सुरू होत होतं, पिवळ्या रंगाने थापलेलं, छपराखाली माणसाएवढा प्लास्टरचा मासा टांगलेलं.

नॉर्मनशी तिचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. त्याच्या तळणाचा वास तिच्या लोकरीत शिरायचा. एका गिऱ्हाइकाने बाळाचा स्वेटर परत आणून दिला तेव्हा मॅव्हिसने तो नॉर्मनच्या काउंटरवर आपटला होता, आणि नॉर्मनने रांगेतल्या सगळ्यांदेखत विचारलं होतं, "याच्यावर मीठ टाकू की नको?" तेव्हापासून दोघांमध्ये चकार शब्द नव्हता.

बसल्या बसल्या तिची मान वर गेली. चॅपलच्या दाराच्या एका बाजूला दगडात '१८' होतं. दुसऱ्या बाजूला '६१'. लहानपणी ईस्टरनंतरच्या व्हिटसन सणाच्या मिरवणुकीला पांढरा झगा घालून ती याच दाराच्या मधोमध उभी राहायची, आणि अठराशे एकसष्ट सालचं चॅपल हे तिला तेव्हापासून पाठ होतं. जुने गवंडी साल असंच लिहायचे, अर्धं या अंगाला, अर्धं त्या अंगाला.

तिने समोर पाहिलं. मग नॉर्मनच्या खिडक्या मोजल्या. पाच, कमानीच्या. पिवळ्या रंगाखाली काहीतरी फुगलेलं होतं, नीट बघितलं तर मेंढ्याची शिंगं.

चौऱ्याहत्तर हा नंबर नव्हताच मुळी. ते अर्धं साल होतं. तिच्या आजीने, बापाने, अख्ख्या गावाने शंभर वर्षं अर्ध्या सालाला घरनंबर समजून हाका मारल्या होत्या, आणि उरलेलं अर्धं त्या मेल्या माशाच्या पोटाखाली होतं. बासष्ट वर्षांच्या मॅव्हिसने रस्ता धावत ओलांडला. दुधाच्या गाडीला ब्रेक मारावा लागला.

नॉर्मन बटाटे सोलत होता. ती आत आलेली पाहून त्याच्या हातातला बटाटा बादलीत पडला. अकरा वर्षांची नमस्कार-चमत्काराची उधारी बाजूला ठेवून तिने एका दमात सगळं सांगितलं, दोन टोकं, एक साल, एकच इमारत, मधली भिंत नंतरची. अकराला वीस मिनिटं होती. मासा खाली घ्यायला हवा होता.

नॉर्मन हात पुसत दारात आला आणि त्याने वर माशाकडे पाहिलं. मासा त्याच्या बापाने राणीच्या राज्याभिषेकाच्या साली ब्लॅकपूलहून बनवून आणला होता.

"यादीत गेलं तर तो परत चढवू देतील?" त्याने विचारलं.

खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. "नाही," ती म्हणाली. "खिळासुद्धा विचारून मारावा लागेल."

"नगरपालिकावाले मला बसस्टँडपाशी नवा गाळा देताहेत. कोरा करकरीत."

"देताहेत ना. तिथे शेजारी कोण आहे तुझ्या?"

"कुणी नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मुतारी."

"मग भांडशील कुणाशी?"

नॉर्मनने तिच्याकडे पाहिलं, एप्रन सोडला आणि शिडी आणायला मागे गेला.

जेवणाच्या रांगेसाठी लवकर आलेली माणसं दोर धरायला मिळाली. मासा अर्ध्यावर लोंबकळत असताना बरोब्बर अकराच्या ठोक्याला मिस लॉरिमर कोपऱ्यावरून आल्या आणि हातातली वही छातीशी धरून उभ्या राहिल्या. मासा खाली टेकला. वर पाहिलं तर कबुतराचं घरटं आणि चाळीस डबे रंग. आकडा नाहीच. आपण एका माणसाच्या बापाची आठवण उतरवून ठेवली, आणि कशासाठी?

नॉर्मन मात्र शिडीवरून उतरेना. कढईतलं जळकं खरवडायची पत्ती त्याच्या खिशातच असायची. रंगाचे पापुद्रे उडायला लागले. मग त्याने खाली हात करून व्हिनेगरची बाटली मागितली.

"दगडाला व्हिनेगर लावू नका," मिस लॉरिमर म्हणाल्या. "कोरडा ब्रश घ्या. हळू."

आधी एकाचा आकडा बाहेर आला. सरळ, सुबक, मॅव्हिसच्या दगडातल्या चारासारखाच पायाशी जरा रुंद. मग आठाचं वरचं वेटोळं, मग खालचं. रांगेतल्या कुणीतरी मोठ्याने वाचलं, "अठराशे", आणि सगळ्या रस्त्याने मान वळवून उरलेलं वाचलं.

मिस लॉरिमर मागे मागे सरकत चॅपलच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या. त्यांनी खिडक्या मोजल्या, शिंगं मोजली, धुराडं बरोबर मधोमध आहे ते पाहिलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या गालावर लाल ठिपके उठले होते. एकाच हाताने आखलेलं, एका वर्षात बांधलेलं कापडाचं भलंमोठं दुकान आहे हे, त्या म्हणाल्या, खालची काच म्हणजे नुसता एप्रन. आपण तो एप्रन पाहून बाईचं वय लिहून मोकळे झालो होतो. त्यांनी जुन्या अहवालाचं पान सगळ्यांसमोर फाडलं. मॅव्हिसला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

यादीत नाव लागल्याचं पत्र जूनमध्ये आलं, एकच पाकीट, दोघांच्या नावे. मासा आता मॅव्हिसच्या काचेआड असतो, तोंडात निळी लोकर धरून. वास अजून येतो. नॉर्मन दुपारचं तळण संपलं की मधल्या भिंतीवर झाऱ्याने दोनदा ठोकतो.

"चौऱ्याहत्तर, चहा टाकलाय."

"आले रे, अठरा," मॅव्हिस म्हणते, आणि दुकानाला कडी लावते.